एसयूव्हीला विंटर टायर घेताय? आधी साईजचं गणित नीट बघा

पहिल्यांदा विंटर टायर घेतले तेव्हा मी जो गाढवपणा केला तो आधीच सांगून टाकतो. माझ्याच मॉडेलची एसयूव्ही विकून टाकलेल्या एका माणसाकडून त्याचे रिमसकट चार टायर घेतले, सतरा इंची, जवळपास नवेकोरे, आणि मॉडेल तेच आहे म्हटल्यावर त्यात बघायचं काय असं म्हणून थेट घरी आणले. गाडी जॅकवर, थंडीनं बोटं बधिर, पुढचं चाक हबवर (चाक ज्या मधल्या गोल भागावर बसतं त्यावर) चढवलं, नट हातानंच आवळले आणि चाक फिरवून बघितलं तर अर्ध्या फेऱ्यात खर्रर्र करून अडकलं. माझ्या गाडीचं इंजिन मोठं, म्हणून पुढचे ब्रेकपण मोठे, आणि कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क दाबून धरणारा भाग, रिमला आतून घासत होता. मागची दोन चाकं मात्र एकदम फिट. म्हणजे अर्ध्या गाडीला बसणारे टायर घेऊन बसलो होतो.

तर साईज म्हणजे नुसता टायरवरचा नंबर नाही. टायर, रिम, ब्रेक, गाडीचं वजन आणि वेगाचं मीटर हे सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. आणि दुसरी गोष्ट, जी मला बरीच उशिरा कळली: आत्ता गाडीवर जी साईज आहे तीच हिवाळ्यातही घ्यायला पाहिजे असं अजिबात नाही. बहुतेक एसयूव्हींना हिवाळ्यात त्याहून लहान रिम आणि जरा अरुंद टायर जास्त चांगला, फक्त तो कंपनीनं मान्य केलेल्या साईजमधला हवा.

"फोर व्हील ड्राइव्ह आहे, मग विंटर टायर कशाला" असं अजूनही खूप जण म्हणतात म्हणून दोन ओळी त्यावर. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून जागची हलते हे खरं, पण ब्रेक तर साध्या टू व्हील ड्राइव्हलाही चारही चाकांनाच असतात, म्हणजे थांबताना तुमची फोर बाय फोर काहीच जादा करत नाही, उलट दोन टनांचं धूड थांबवायचं असतं. थांबणं आणि वळणं हे टायरच्या रबरावर. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक पडायला लागतं, विंटर टायरचं मऊ राहतं आणि त्याच्या ट्रेडवर (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर) ब्लेडनं कापल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात.

सुरुवात दाराच्या पट्टीपासून

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, खांबावर किंवा काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर टायरची साईज आणि हवेचं प्रेशर लिहिलेलं असतं. आत्ता बसवलेल्या टायरवरचा नंबर वाचून ऑर्डर देऊ नका, विशेषतः गाडी सेकंडहँड असेल तर, कारण आधीच्या मालकानं दिसायला भारी म्हणून काय बसवलं असेल सांगता येत नाही. स्टिकरवर कधी एकच साईज असते, कधी तीन-चार असतात. एकच असेल तर गाडीचं मॅन्युअल काढा, त्यात टायरच्या पानावर बहुतेक वेळा आणखी साईज दिलेल्या असतात आणि हिवाळ्यासाठी वेगळी शिफारसही असते. युरोपातल्या गाड्यांसोबत जे कन्फॉर्मिटी सर्टिफिकेट (गाडी मान्य नियमांप्रमाणे बनल्याचा कंपनीचा कागद) येतं त्यातही मान्य साईज असतात. हे बघताना नुसतं मॉडेल नाही, इंजिन आणि व्हेरियंटही जुळवा. मी तेच केलं नव्हतं.

आता तो नंबर वाचायचा कसा. समजा टायरवर लिहिलंय २३५/६५ आर १७ १०८ एच. २३५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ मिलिमीटर नाही हं, ते टक्के आहेत, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १७ म्हणजे रिम किती इंची ते. १०८ हा लोड इंडेक्स आणि एच हे स्पीडचं अक्षर, त्यावर नंतर येतो. इथे घोळ होतो तो त्या टक्क्यांमुळे: ६५ चा टायर ५५ च्या टायरपेक्षा उंच असेलच असं नाही, कारण टक्के कशाचे काढायचे तर रुंदीचे, आणि रुंदी बदलली की सगळं बदललं.

बाहेरचा व्यास, यात तडजोड नाही

कॅल्क्युलेटर काढा, दोन मिनिटांचं काम आहे. रुंदी गुणिले टक्के, त्याची दुप्पट (भिंत वर एक, खाली एक), त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा. वरच्या टायरचं बघू: २३५ चे ६५ टक्के १५२.७५, दुप्पट ३०५.५, सतरा इंची रिम म्हणजे ४३१.८, बेरीज ७३७.३ मिलिमीटर. हा झाला पूर्ण चाकाचा व्यास.

आता हेच २५५/५५ आर १८ चं करा, ७३७.७ येतं. २५५/५० आर १९ चं ७३७.६. आणि २५५/४५ आर २० चं ७३७.५. म्हणजे सतरापासून वीस इंचापर्यंत चारही चाकं बाहेरून जवळजवळ तंतोतंत सारखी, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. गाडी कंपन्या एकाच एसयूव्हीला चार साईज देतात त्या अशा ठरवून दिलेल्या असतात. वीस इंची चाकं घेऊन शोरूममधून निघालेल्या गाडीला हिवाळ्यात सतरा इंची घातली तरी गाडी तेवढीच उंच राहते, मीटर तेच दाखवतं. फक्त लोखंड कमी आणि रबर जास्त.

चूक कशी होते ते बघा. कोणी म्हणालं, अरे बर्फात उंच टायर बरा, २४५/७० आर १७ घे, रिम तीच आहे ना. याचा व्यास येतो ७७४.८, म्हणजे साधारण ५ टक्के मोठा. मीटरवर १०० दिसत असताना गाडी खरं तर १०५ नं चाललेली असते, आणि टायर चारही बाजूंनी जवळपास १९ मिलिमीटर फुगलेला, त्यामुळे वळताना फेंडरच्या आतल्या प्लास्टिकला किंवा सस्पेन्शनला घासायची भीती. ३ टक्क्यांच्या आत चालतं असं साधारण धरतात, मी मात्र १ टक्क्याच्या बाहेर जात नाही. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरायला लागली की सावरणारी) चाकं किती फिरली यावरच हिशोब करतात, आणि बर्फावर नेमकी हीच दोन मंडळी आपल्याला वाचवत असतात, त्यांना चुकीचा आकडा कशाला द्यायचा.

याच कारणासाठी ऑल व्हील ड्राइव्ह गाडीवर चारही टायर एकाच साईजचे, एकाच मॉडेलचे आणि सारख्याच झिजलेले हवेत. दोन नवे, दोन अर्धे झिजलेले असं केलं की पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा होतो आणि मधला डिफरेन्शियल किंवा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग, सरळ रस्त्यावरसुद्धा सतत राबत राहतो, तापतो. आणि फक्त दोन विंटर टायर पुढे लावून मागे उन्हाळी ठेवायचा विचार तर सोडूनच द्या, पुढचं टोक चिकटतं, मागचं सुटतं आणि पहिल्याच वळणावर गाडी गरकन फिरते.

अरुंद का, आणि कुठपर्यंत अरुंद

यावर चहाच्या टेबलावर तासभर भांडण होऊ शकतं. रुंद टायर म्हणजे जास्त पकड असं डोक्यात बसलेलं असतं. पण टायरचा रस्त्यावरचा ठसा किती मोठा हे मुख्यतः चाकावर किती वजन आणि आत किती हवा यावर ठरतं. एका चाकावर ५०० किलो आणि हवा २.४ बार (साधारण ३५ पीएसआय) असेल तर ठसा ढोबळमानानं दोनशे चौरस सेंटीमीटर, म्हणजे ए-फोर कागदाचा तिसरा हिस्सा. टायर रुंद केला म्हणून तो फार वाढत नाही, त्याचा आकार बदलतो: अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आडवा आणि आखूड.

ताज्या बर्फात किंवा खारं पाणी मारलेल्या त्या चिखलगाळ बर्फात आडवा ठसा म्हणजे फावडं. तो समोरचा माल ढकलत बसतो नाहीतर त्याच्यावर चढून तरंगतो. लांबट ठसा त्यातून कापत खाली जातो आणि घट्ट थराला भिडतो. शिवाय अरुंद टायरसोबत रिम लहान आणि भिंत उंच येते, त्याचा फायदा वेगळाच: बर्फाखाली झाकलेला खड्डा किंवा फुटपाथची कड दिसतच नाही, तिथे २० इंची रिमवरचा ११५ मिलिमीटरचा टायर चेपून थेट रिम वाकते, १७ इंचीवर दीडशे मिलिमीटर रबर मध्ये असतं. लहान साईजचे टायर बहुधा स्वस्तही पडतात, तो फायदा मी दुसरा मानतो पण पाकीट पहिला मानतं.

आता दुसरी बाजू पण सांगतो. दाबून कडक झालेल्या बर्फावर किंवा काचेसारख्या पातळ थरावर अरुंद टायरचा फारसा फायदा नसतो, तिथे रबर आणि त्या चिरा काम करतात. आणि कोरड्या रस्त्यावर, हायवेवर, जड गाडी जोरात ब्रेक मारताना किंवा वळताना रुंद टायर जास्त ठाम वाटतो. त्यामुळे तुमचा हिवाळा म्हणजे साफ केलेला थंडगार हायवे असेल तर एखाददुसरीच पायरी खाली या, वीसवरून एकोणीस किंवा अठरा. रोज न झाडलेल्या रस्त्यानं, चढावरून जायचं असेल तर मान्य यादीतली सगळ्यात लहान रिम घ्या. यादीच्या खाली कुठल्याच परिस्थितीत जाऊ नका, माझ्या कॅलिपरची गोष्ट आठवा.

काही स्पोर्टी एसयूव्हींना पुढे एक आणि मागे जास्त रुंद साईज असते. हिवाळ्यासाठी बऱ्याचदा कंपनी चारही सारख्या साईजची मुभा देते, मॅन्युअलमध्ये ती असेल तर तीच घ्या.

लोड इंडेक्स, जिथे शहाणी माणसंही फसतात

टायर किती वजन पेलतो ते या आकड्यावरून कळतं, पण आकडा म्हणजे किलो नाही, तो तक्त्यात बघायचा असतो. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०५ म्हणजे ९२५, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०. हे एका टायरचं.

लहान रिमवर जाताना सापळा इथे आहे. समजा गाडीवर २५५/४५ आर २० १०५ आहेत, म्हणजे ९२५ किलो. तुम्ही गणित करून खूश होऊन २३५/६५ आर १७ शोधता आणि दुकानात तो दोन प्रकारात मिळतो, साधा १०४ चा आणि एक्सएल (म्हणजे जास्त वजन पेलणारा) लिहिलेला १०८ चा. व्यास तोच, दिसायला सेम, साधा जरा स्वस्त. पण १०४ म्हणजे ९०० किलो, प्रत्येक चाकामागे २५ किलो कमी. स्टिकरवर तुमच्या गाडीच्या १७ इंची साईजसमोर १०४ छापलेलं असेल तर तो बिनधास्त घ्या, कारण गाडीला किती लागतं ते तिथे धरलेलं असतं. तसं काही लिहिलेलं नसेल तर आत्ता आहे त्याच्या खाली उतरायचं नाही, १०८ घ्या. जास्त चालतो, कमी चालत नाही. पाच माणसं, डिकीभर सामान, वर छतावर स्कीचा पेटारा किंवा मागे ट्रेलर असं ज्यांचं आहे त्यांनी तर यात काटकसर करूच नये. बॅटरीवाल्या एसयूव्ही आणखी जड असतात, त्यांतल्या काहींना एक्सएलच्याही वरचा एचएल मार्कचा टायर लागतो, तो आधीपासून असेल तर विंटरमध्येही तसाच शोधावा लागेल.

एलटी किंवा सी लिहिलेले टायर दिसतात ते पिकअप आणि माल वाहणाऱ्या गाड्यांचे. आकडा मोठा बघून भुलू नका, त्यांना हवाही जास्त लागते आणि साध्या एसयूव्हीला ते दणकट लाकडासारखे लागतात.

स्पीडच्या अक्षराचं सोपं आहे. क्यू १६०, टी १९०, एच २१०, व्ही २४० किलोमीटर ताशी. विंटर टायरला उन्हाळीपेक्षा खालचं अक्षर घ्यायची मुभा बऱ्याच देशांत असते, जर्मनीत तसे टायर लावले तर कमाल वेगाचा स्टिकर ड्रायव्हरच्या नजरेसमोर लावावा लागतो. खालचं अक्षर घेतलं तर त्या वेगाच्या आत राहायचं, एवढंच.

रिम वेगळी घेणार असाल तर

मी तर म्हणतो वेगळ्याच घ्या. दर सहा महिन्यांनी एकाच रिमवरून टायर काढ-घाल केली की टायरची कड दुखावते आणि मजुरी जाते ती वेगळीच. पण मग रिमचे चार-पाच आकडे जुळवायला लागतात. जुनी रिम उलटी करून स्पोकच्या मागे बघा, धूळ पुसली की ओतीव अक्षरात काहीतरी ७.५ जे, १८, ईटी ४० असं दिसेल. ७.५ ही रिमची रुंदी इंचात. प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची मर्यादा असते, उदाहरणार्थ २३५/६५ आर १७ साडेसहा ते साडेआठ इंची रिमवर बसतो. ईटी म्हणजे ऑफसेट, रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती लांब ते, मिलिमीटरमध्ये. तो ४० चा ३० झाला तर चाक १० मिलिमीटर बाहेर येतं, वाढला तर आत सस्पेन्शनकडे जातं.

मग बोल्टची जागा: किती बोल्ट आणि ते किती मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत ते. ५ बाय ११२ आणि ५ बाय ११४.३ या दोन्ही खूप चालणाऱ्या मापांत फरक २.३ मिलिमीटरचा, डोळ्याला कळत नाही, नट दोन फेरे आतपण जातील आणि तुम्हाला वाटेल बसलं. बसलेलं नसतं. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर त्यात रिंग टाकावी लागते, नाहीतर स्टेअरिंग थरथरतं. लहान असेल तर विषय संपला. आणि नट किंवा बोल्टचं बूड शंकूसारखं आहे की गोलसर तेही रिमप्रमाणे हवं, जुने अलॉयचे बोल्ट नव्या स्टील रिमला चालतीलच असं नाही.

शक्य असेल तर पैसे देण्याआधी एक रिकामी रिम पुढच्या हबवर चढवून हातानं पूर्ण एक फेरी फिरवून बघा. पुढच्याच, कारण मोठे ब्रेक बहुतेक वेळा पुढे असतात.

टायरमध्ये प्रेशर सेन्सर असतील तर नव्या रिमना वेगळे सेन्सर लागतील, आणि त्यांची फ्रिक्वेन्सी गाडीप्रमाणे ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झ असते, तीपण जुळवावी लागते. काही गाड्या एबीएसवरूनच हवा ओळखतात, त्यांना सेन्सर लागत नाही, फक्त चाकं बदलल्यावर मेनूत जाऊन रीसेट करायचं.

बर्फात पकडीसाठी चाकांवर साखळ्या लावायची वेळ येणाऱ्या भागात राहत असाल तर हे साईज ठरवायच्या आधीच बघा: मॅन्युअलमध्ये कुठल्या साईजवर साखळी चालते ते लिहिलेलं असतं, आणि मोठ्या चाकांवर अनेकदा सरळ नाही म्हटलेलं असतं. लहान, अरुंद साईज घ्यायचं हे आणखी एक कारण.

हातात टायर आला की

बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह शोधा. हे चिन्ह टायर बर्फावरच्या टेस्टमध्ये पास झाला असेल तरच मिळतं. नुसतं एम प्लस एस (M+S, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, ते कंपनी स्वतःच लिहू शकते, आणि जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या एम प्लस एसला विंटर टायर मानतच नाहीत. डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे तारीख: ३५२४ असेल तर २०२४ चा पस्तिसावा आठवडा. ट्रेड नव्यात ८-९ मिलिमीटर असतो, ४ च्या खाली गेला की बर्फासाठी तो संपला असं समजा, कायद्यातली मर्यादा १.६ का असेना. ऑस्ट्रियात तर विंटर टायरला ४ मिलिमीटर ही कायद्याचीच अट आहे.

बसवताना बाणाकडे लक्ष ठेवा, ट्रेड व्ही आकाराचा असेल तर फिरायची दिशा ठरलेली असते आणि घाईत एखादा उलटा बसतोच. हवा नव्या साईजसमोर स्टिकरवर जी असेल ती, जुन्या टायरची नाही. आणि ती बाहेरच्या थंडीत मोजायची. उबदार वर्कशॉपमध्ये २० अंशांला ३५ पीएसआय भरली आणि बाहेर उणे १० असेल तर सकाळी ती साधारण ३० भरते, मग दिवा लागतो आणि माणूस नव्या टायरला शिव्या घालतो. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून झाले की टॉर्कच्या पान्यानं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या) नट परत एकदा तपासा, हे मात्र न विसरता.

राहता राहिली स्टेपनी. ती जुन्याच साईजच्या रिमवर असेल आणि व्यास तुम्ही वर सांगितल्याप्रमाणे जुळवला असेल तर अडीअडचणीला टायरवाल्यापर्यंत पोचायला ती चालते, पण तिला लागतात जुने नट. ते गॅरेजमध्ये उन्हाळी चाकांसोबत पिशवीत पडलेले असतात आणि पंक्चर होतं भलतीकडेच, म्हणून पाच नट एका जुन्या मोज्यात घालून स्टेपनीच्या खळग्यातच टाकून ठेवा.